आजोबांच्या तोंडचा घास

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवून मला काही मिळणार नाही.

घडली ती माझ्या मावशीच्या बाबतीत. रोसेंडा चुब तिचं नाव, माझ्या आईची मावसबहीण. आता ती कोबान शहरात राहते. या विषयावर ती बोलत नाही. माझ्याशी एकदाच बोलली, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही. यात जे घडलं ते भर दुपारी घडलं, लख्ख उन्हात, आजूबाजूला माणसं असताना. म्हणून तर ती मला जास्त छळते.

गाव सेपोम. आल्ता वेरापासच्या डोंगरातलं आमचं गाव. मे महिना, सांताक्रूसचा, म्हणजे पवित्र क्रुसाचा सण नुकताच झाला होता. पाऊस अजून यायचा होता. गुरुवार होता.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर एक दगड उभा होता. माणसापेक्षा उंच. त्यावर आमच्या पूर्वजांनी कोरलेला राजा. डोक्यावर पिसांचा टोप, एक हात पुढे, पंजा खाली मोकळा सोडलेला, काहीतरी पेरत असल्यागत. सगळं गाव त्याला आजोबा म्हणायचं. पावसाने आजोबांचा चेहरा झिजला होता. डोळे दिसत, नाक दिसे. तोंड मात्र पार पुसून गेलं होतं. नाकाखाली नुसता सपाट दगड.

तोंड नव्हतं, तरी आजोबा जेवायचे.

म्हणजे त्यांना जेवू घातलं जायचं. आमच्यात रीतच आहे ती. नवं घर बांधा, नवी गिरणी आणा, वाजवायला नवी मारिंबा आणा, आधी तिला घास द्यायचा. कोंबड्याचं रक्त, कोकोचा पेला, कोपलच्या राळेचा धूप. वस्तू जेवली की ती आपली झाली. नाही जेवली, तर ती काही उपाशी राहत नाही...

ती आपलं आपण बघून घेते.

आजोबांना घास द्यायचा मान रोसेंडामावशीच्या वडिलांचा. क्रिसांतो चुब. बुटके, मिश्कील, आणि खाण्याचे भारी शौकीन. त्यांची बायको मार्सेलिनाआजी सगळ्यांदेखत म्हणायच्या, "या माणसाला पुरायला नेतील ना, तेव्हाही हा खड्ड्यातून विचारेल, आज घेवडा केलाय का."

तर झालं असं, की चोरांनी आजोबांना करवत लावली. कडेचा एक तुकडा कापूनही नेला. मग राजधानीतून माणसं आली. म्हणाली, दगड इथे सुरक्षित नाही, तो संग्रहालयात नेतो आणि इथे हुबेहूब दुसरा उभा करून देतो. गावाने साफ नकार दिला. बैठकीत नुसता कल्ला.

तेव्हा रोसेंडामावशी उभी राहिली. लेझर स्कॅनर चालवायला शिकलेली ती आमच्या गावातली पहिलीच, आणि त्याच माणसांबरोबर काम करत होती. म्हणाली, "मी स्वतः मोजणार. केसाचासुद्धा फरक पडणार नाही. माझा शब्द."

लोक गप्प बसले, पण तिच्यामुळे नाही. क्रिसांतो उठून म्हणाले, "माझ्या पोरीचा शब्द तो माझा शब्द. चुकला तर माझ्याकडे या."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा.

गुरुवारी दुपारी काम सुरू झालं. उन्हात लेझरची रेघ नीट वाचता येत नाही, म्हणून आजोबांभोवती बांबू रोवून काळं प्लास्टिक ताणलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आत मावशी, तिपाईवर मशिन आणि समोर आजोबा.

क्रिसांतोंनी पहाटेच कोंबडा कापला होता. दगडाच्या पायाशी रक्त लावलं, कोको ओतला. आता धुपाटणं घेऊन ते प्लास्टिकच्या तोंडाशी उभे.

मोंतेपेके म्हणून राजधानीचे इंजिनियर होते, या कामाचे प्रमुख. माणूस चांगला, पण सतत घाईत. ते म्हणाले, "काका, तेवढा धूर नंतर केला तर चालेल का? मशिनला धूर आणि दगड यातला फरक कळत नाही. समोर येईल ते मोजतं."

"मग शहाणं आहे तुमचं मशिन," क्रिसांतो म्हणाले. "मलाही अजून कळलेला नाही."

मावशीला हसू आलं. "बाबा, निदान थोडाच करा."

"पाहुण्याच्या ताटात थोडंच वाढ, असं तुझी आई कधी म्हणाली का गं?"

धुपाटणं आत आलं. मोंतेपेके कपाळाला हात लावून बाहेर जाऊन बसले.

मावशीने मशिन सुरू केलं. लाल रेघ आजोबांच्या टोपावरून हळूहळू खाली उतरू लागली. रेघ जिथे लागेल तिथला ठिपका कॉम्प्युटरवर उमटतो. असे कोट्यवधी ठिपके जमले की पडद्यावर दुसरा दगड उभा राहतो. हे काम तिने कितीतरी वेळा केलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

रेघ कपाळावर आली. डोळ्यांवर आली.

बाहेर झाडांवर किरकिरे किडे ओरडत होते. मे महिन्यात ते दिवसभर कान किटवतात.

रेघ नाकावरून खाली उतरली...

आणि किरकिरे थांबले. सगळे. एकदम.

मावशी म्हणते, त्या शांततेत तिला आधी स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग तिच्या लक्षात आलं की तो तिचा नाही. तिने तर श्वास रोखून धरला होता.

लांब, सावकाश, आत ओढलेला श्वास...

आणि चारी बाजूंचं काळं प्लास्टिक आत ओढलं गेलं. वारा बाहेरून ढकलतो तसं नाही. आतून कुणी ओढावं तसं.

"बाबा?" ती म्हणाली.

"इथेच आहे," क्रिसांतोंचा आवाज बाहेरून आला, अगदी शांत. "जेवतायत ते. तू तुझं काम कर."

तिने पडद्याकडे पाहिलं. दगडासमोर धुराचे ठिपके उमटले होते, विरळ, पसरलेले. धूर वर जायला हवा. हा वर जात नव्हता. तो बारीक होत होत एका जागी चालला होता...

नाकाखालच्या सपाट दगडाकडे.

मग किरकिरे पुन्हा सुरू झाले. प्लास्टिक सैल पडलं. रेघ पुढे सरकली.

मावशीने स्वतःला समजावलं की कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली असेल. शिकलेल्या माणसाला असं समजावणं फार सोपं जातं.

त्याच दिवशी, उन्हं उतरायच्या आत, शाळेच्या खोलीत बसून तिने फाईल साफ करायला घेतली. ते नेहमीचंच काम. मध्ये उडालेला पक्षी, पान, धूळ, जे दगडाचं नाही ते सगळं पुसायचं, मगच नुसता दगड उरतो. धुराचे ठिपके निवडून तिने ते वेगळे केले. पडद्यावर ते पिवळे झाले. आजोबांच्या तोंडाला लावलेल्या नळीसारखे दिसत होते.

तिचा हात थबकला.

"एवढं काय बघतेस?" मोंतेपेके मागून म्हणाले. "कचरा आहे तो, काढून टाक. गाडी खोळंबलीय, फाईल आजच राजधानीला जायला हवी."

तिने बटण दाबलं.

पिवळे ठिपके नाहीसे झाले. आणि तिच्या अगदी कानामागे...

कुणीतरी उसासा टाकला. जेवत्या ताटावरून उठवल्यावर माणूस टाकतो तसा.

तिने वळून पाहिलं. मोंतेपेके केव्हाच बाहेर गेले होते. रिकामे बाक होते आणि भिंतीवर पाढे.

गाडी फाईल घेऊन गेली. टीमबरोबर एक छोटा प्रिंटर होता, प्लास्टिकचे थर देऊन वस्तू बनवणारा. फाईल नीट झाली आहे का हे बघायला मावशीने त्यावर तळहाताएवढे आजोबा काढले. पांढरे, हलके. टोप आला, हात आला, नाकाखालची सपाट जागासुद्धा जशीच्या तशी आली. तिला त्याचा फार अभिमान वाटला. ती ते घेऊन थेट घरी गेली आणि वडिलांच्या हातावर ठेवलं.

क्रिसांतो पोट धरून हसले. "मार्सेलिना, हे बघ, आजोबांचं बाळ झालं!"

"झालं ते बरं झालं," मार्सेलिनाआजी चुलीपाशी भाकऱ्या थापत म्हणाल्या. "या घरात एक म्हातारा पुरे."

क्रिसांतोंनी ते बाळ देव्हाऱ्यात संतांच्या तसबिरींशेजारी ठेवलं. देव्हारा खोलीतच होता, जेवायच्या मेजासमोर. मग हसू आवरून त्यांनी लेकीला विचारलं, "रोसेंडा, एक सांग. हा आणि तो मोठा येणार आहे तो, दोन्ही याच मापावरून ना?"

"हो बाबा."

"आणि माप घेतलंस तेव्हा धूर चालू होता. ते जेवत होते."

"हो."

"मग प्रश्न मिटला. भरल्या पोटी काढलेला फोटो. जुळ्याला वेगळा घास द्यायची गरज नाही. दोनदा वाढलं तर आजोबांना वाटेल, आपण जेवलो यावर यांचा विश्वासच नाही. पंचांनाही मी हेच सांगतो."

मावशीने तोंड उघडलं होतं. सांगणार होती, की बाबा, तो धूर मी पुसलाय. पण मग नव्याने विधी, नव्याने बैठक, पुन्हा कल्ला, आणि बाबांनी सगळ्यांसमोर दिलेला शब्द...

"जेवून घे," आजी म्हणाल्या. आणि ती गोष्ट तशीच राहून गेली.

पाऊस लागायच्या आत खरे आजोबा ट्रकवरून गेले. गाव रडलं. थोड्याच दिवसांत नवे आले, दगडाच्या भुकटीचे, यंत्राने कोरलेले. भर दुपारी सोहळा झाला. मारिंबा वाजली, टर्कीचा लाल रस्सा शिजला. नव्या आजोबांना फुलं वाहिली. घास दिला नाही. पंचांनी क्रिसांतोंचा शब्द मानला होता.

त्या दिवशी सोहळ्याहून घरी येऊन क्रिसांतो मेजावर रस्सा घेऊन बसले आणि वाटीकडे नुसते बघत राहिले.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"भूक लागलीय गं."

"मग जेवा ना."

"जेवलो की आत्ताच," ते म्हणाले. "तिसरी वाटी आहे."

मावशी कामासाठी कोबानला गेली. आईचा फोन यायचा. आधी हसत, मग जरा कमी हसत, मग अजिबात नाही.

"रोसेंडा, तुझे बाबा वाळत चाललेत."

"जेवत नाहीत का?"

"तेच तर कळत नाही मला. मी ताट वाढते, पाठ फिरवून भाकरी उलटते, वळून बघते तर ताट रिकामं. आणि हे मला विचारतात, वाढतेस ना?"

आरोग्य केंद्रात नेलं. रक्त तपासलं, सलाईन लावलं. काही निघालं नाही. मग मावशी रजा टाकून घरी आली. वडील तिला दारातच भेटले. गालफडं बसली होती. पट्ट्याला नवी भोकं पाडली होती. जेवणावर विनोद करणारा माणूस आता जेवणाचं नाव काढलं की चोरट्यासारखा खाली बघत होता.

दुपारी ती मुद्दाम त्यांच्यासमोर बसली. ठरवलं, नजर हटवायची नाही. आजींनी घेवडा वाढला, भाकरी ठेवली. क्रिसांतोंनी घास तोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. तिने गळ्याची गाठ वर-खाली होताना पाहिली. सगळं ठीक होतं.

"आहे ना जेवण बरं?" तिने विचारलं.

"कसलं?" ते म्हणाले...

"वाढलंच कुठे अजून?"

ताट रिकामं होतं. त्यांच्या ओठांवर घेवड्याचा एक थेंब नव्हता. बोटं कोरडी.

मार्सेलिनाआजी शालीच्या टोकाने डोळे पुसत मागच्या दाराने निघून गेल्या. संसारभर ज्या माणसाला जेवू घातलं, त्याने तोंडावर म्हणावं की वाढलं नाहीस. त्या बाईला काय वाटलं असेल ते वाटलं असेल.

मावशीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट आली. पिवळे ठिपके.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मशिन घेऊन टेकडीवर गेली. प्लास्टिक ताणलं आणि नव्या आजोबांना पुन्हा मोजलं. मग नवं माप जुन्या मापावर ठेवलं. कॉम्प्युटर मग रंग दाखवतो. निळा म्हणजे तंतोतंत तेच, लाल म्हणजे फरक. फरक निघणार याची तिला खात्री होती. तोंडाजवळच निघणार.

सगळं निळं. टोपापासून पायापर्यंत निळंशार.

त्याचीच तिला जास्त भीती वाटली. पण दुसरं काही सुचत नव्हतं. खाली आली, वडिलांच्या पायाशी बसली आणि सांगून टाकलं. धूर पुसला ते. उसासा ऐकला ते. त्यांच्यापासून लपवलं ते.

क्रिसांतो ओरडले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात काटकीएवढा झाला होता.

"त्याच्या तोंडचा घास काढलास गं पोरी," ते म्हणाले. "शब्द मी दिला होता, म्हणून तो माझ्याकडे आला. रास्त आहे. तुझ्याकडे आला नाही, हेच नशीब."

"असं बोलू नका."

"मग ऊठ. कोंबडा बघ. चांगला माजलेला बघ, या घरात आता तेवढाच धष्टपुष्ट उरलाय."

त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी टेकडीवर नेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने रक्त लावलं, कोको ओतला, माफी मागितली. धूर केला. मावशी बघत होती. धूर सरळ वर गेला. साध्या धुरासारखा.

घरी आल्यावर क्रिसांतो म्हणाले, "मार्सेलिना, आज घेवडा केलाय का?"

आजी हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. मग हसल्या, मग रडल्या. अंगणातही एक चूल होती, पाऊस नव्हता. त्यांनी तिथेच चुलीपाशी ताट मांडलं. क्रिसांतो पोटभर जेवले. मिशीला घेवडा लागला तो आजींनी पुसला. दुसऱ्या दिवशीही अंगणातच जेवले. गालांवर जरा रंग आला. मावशीने कोबानला कळवलं की मी सोमवारी कामावर येते.

रविवारी पाऊस आला.

ताट पुन्हा आत मांडलं. मेजावर. देव्हाऱ्यासमोर.

मावशी म्हणते, हे तिच्या तेव्हा लक्षातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. पाऊस आला की माणूस आत जेवतो, त्यात लक्षात यायचं काय?

पाऊस थांबलाच नाही. क्रिसांतो परत वाळायला लागले, आणि या वेळी फार झपाट्याने. नव्या आजोबांना पुन्हा घास दिला, कोंबड्यावर कोंबडे कापले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांना उठवेना, तेव्हा खाटच मेजाजवळ ओढली, म्हणजे भरवायला सोपं. मावशी चमच्याने भरवायची. घास आत जायचा. ते आशेने बघत राहायचे. दुसरा घास. तिसरा.

एका दुपारी मक्याची पेज संपली. वाटी चाटूनपुसून साफ. त्यांनी मावशीचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"मला वाढलंच नाही गं कुणी," ते म्हणाले. लहान मुलासारखे.

तेच शेवटचं. मार्सेलिनाआजी दारात होत्या. त्यांनी ते ऐकलं. मावशी म्हणते, बाबा गेले ते मी सहन केलं, पण आईने ते वाक्य ऐकलं ते मला सहन होत नाही.

पुरून आल्यावर घर खायला उठलं. आजी शेजारी जाऊन पडल्या. मावशी एकटीच आवरत बसली. काहीतरी करायचं म्हणून देव्हारा पुसायला घेतला. तसबिरी खाली काढल्या, मेणबत्त्यांचं मेण खरवडलं. मग ते छोटे आजोबा उचलले.

हलके होते ना ते? पांढरं प्लास्टिक, आत पोकळ...

आता हाताला जड लागले.

तिने ते खिडकीशी नेले. बाहेर ऊन पडलं होतं. टोप तसाच. डोळे तसेच. नाक तसंच. आणि नाकाखाली, जिथे खऱ्या दगडावर सपाट होतं, फाईलमध्ये सपाट होतं, तिने स्वतः मोजलं होतं की सपाट आहे...

तिथे ओठ होते.

जाड, नीट कोरलेले, जरासे विलग.

घाबरून टाकून द्यायला हवं होतं. ती तसली नाही. तिने मशिन लावलं. टेबलावर काळं कापड घालून त्यात ते ठेवलं, मोजलं, जुन्या मापावर बसवलं. सगळं निळं. मध्ये फक्त ओठ लाल.

मग तिने नखाने त्या ओठांची फट चाचपली. नखाला काहीतरी लागलं. मक्याचा कण. मऊ.

अजून ओला.

टेकडीवरच्या मोठ्या आजोबांचा काही दोषच नव्हता. सगळ्यांनी आठवण ठेवून त्यांना फुलं वाहिली होती, मागून घासही दिला होता. हा मात्र पहिला जन्मलेला, उपाशीपोटी, आणि त्याला रोज ताटासमोर बसवलं होतं. नुसतं बघायला.

मावशीने त्याच दुपारी त्याला घास दिला. रक्त, कोको, धूर, सगळं रीतसर. धूर वर गेला नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि तो संपेपर्यंत बसून राहिली. आईच्या घरात ते ठेवायला नको म्हणून स्वतःबरोबर कोबानला घेऊन आली. तेव्हापासून दर गुरुवारी ती त्याला जेवू घालते. एकदाही चुकलेली नाही. फोडून का टाकत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "फोडून काय होणार? भूक फुटते का?"

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण ती फाईल. धूर पुसलेली, साफ केलेली. संग्रहालयाने ती इंटरनेटवर ठेवली, सगळ्यांसाठी फुकट. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावी, आपल्या घरी प्रिंट काढावी. शाळा काढतात, हौशी लोक काढतात. टेबलावर ठेवायला छान दिसतं.

मावशीने मोंतेपेकेंना फोन केला. ती फाईल तिथून काढून टाका म्हणाली.

"काढतो हवं तर," ते म्हणाले. "पण आता काय उपयोग? कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी घेतलीय. अगं, तुझं काम आहे ते. तुला अभिमान वाटायला हवा."

तिने फोन ठेवला. नंतर कधी तो विषय काढला नाही.

फक्त एक सवय लागलीय तिला. बसमध्ये, बाजारात, नवीन माणूस भेटला की बोलता बोलता विचारते, घरात सगळे नीट जेवतात ना? कुणी जेवूनही वाळत चाललंय का? लोक हसतात. त्यांना वाटतं बाई प्रेमळ आहे.

हे सगळं तिने मला सांगितलं त्या दिवशी मी तिच्याकडेच जेवले. दुपारची वेळ. तिने टर्कीचा रस्सा केला होता. मी भाकऱ्यांवर भाकऱ्या खाल्ल्या, मला आठवतंय, कारण ती हसून म्हणाली होती की खाण्यात तू माझ्या बाबांवर गेलीस. ते प्लास्टिकचं बाळ कपाटावर होतं. कापडाने झाकलेलं. मी तिकडे पाठ करून बसले होते.

निघताना तिने दारात मला थांबवलं. चेहरा एकदम गंभीर.

"पोटभर जेवलीस ना?"

"हो," मी म्हणाले.

मग बसमध्ये बसले. गाडी अजून कोबानच्या बाहेरही पडली नव्हती...

आणि मला इतकी भूक लागली, इतकी, की मी पिशवीत खायला काही आहे का ते शोधायला लागले.

तो बुधवार होता, त्याच्या घासाच्या आदला दिवस. मी तिला अजून सांगितलेलं नाही.